खांद्यावरचा कान

कान ठणकला की ओवी तो बाबाच्या खांद्यावर दाबून धरते. आजही तशीच होती. सारखा कान फुटतो, म्हणून आतलं पाणी निघून जायला कानाच्या पडद्यात बारीक नळ्या बसवायचं सकाळी डॉक्टरांसमोर मी आणि तिचा बाबा, आम्ही दोघांनी ठरवलं. “बसवून टाकू,” हे शब्द बाबाचेच.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा पोरीला भूल द्यायची?”

ओवीला थोपटत, माझ्याकडे मान वळवून तो म्हणाला, “मी थांबू म्हणत होतो. हिचीच घाई.”

दोघांनी उचललेलं ओझं एकाच्याच डोक्यावर किती अलगद ठेवता येतं. ओवी त्याच खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली. कानात पाणी साठल्यानं तिला जेमतेम ऐकू येतं. बाबाचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नसणार. नळ्या अजून बसायच्या आहेत, याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.