न उघडलेल्या तिसऱ्या

नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला तर माझ्या दुखऱ्या दाढेपासून सगळं माहीत असतं. चार वर्षं झाली. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. मला लांबण लावून बोलता येत नाही. तरी बघा, सुरुवात करायलाच तीन दिवस गेले.

मी मूळची रत्नागिरीची. नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळुरूत आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. इंदिरानगरात एका जुन्या तीन मजली इमारतीत राहतो. इथल्या मराठी लोकांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, त्यावर मी माशांबद्दल लिहायची. कुठल्या बाजारात कधी जावं, कल्ले कसे बघावेत, सुरमई म्हणून काय काय गळ्यात मारतात. लोक विश्वास ठेवायचे. मला ते आवडायचं — कोणाला नाही आवडणार?

मग आमच्या मागच्या रस्त्यावर माशांचं नवं हॉटेल उघडलं. तिथल्या एका मुलीचा मेसेज आला. दोघांचं दुपारचं जेवण आमच्याकडून, तुम्ही फक्त टेबलावरून उठायच्या आधी एक फोटो आणि चार ओळी टाका. नवरा दौऱ्यावर होता, म्हणून मी एकटीच गेले. टेबलावर माझ्या नावाचं कार्ड उभं केलं होतं. मालक स्वतः येऊन वाढत होता. सोलकढी चांगली होती. तळलेली सुरमई बरी. मग तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आलं.

कोकणातली सात वर्षांची पोरगीही सांगेल — शिजल्यावर जी तिसरी तोंड उघडत नाही, ती टाकून द्यायची. ती आधीच मेलेली असते. त्या ताटलीत निम्म्या बंद होत्या. वास मात्र — नाही, वासाबद्दल आता खोटं कशाला? वास होता. खोबऱ्यामसाल्याच्या खालून येत होता.

मी काय केलं? बंद शिंपल्या एकेक करून वेचल्या आणि ताटलीतल्या केळीच्या पानाखाली सरकवल्या. उघड्या होत्या त्या वर रचल्या, लिंबाची फोड ठेवली, फोटो काढला. लिहिलं — 'तिसऱ्या खाव्यात तर इथेच. घरची आठवण आली.' त्यातली एकही तोंडात घातली नाही.

रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावणारी मी बाई. मालकाला बोलावून ताटली दाखवायला किती वेळ लागला असता? पण कार्डावर माझं नाव होतं. आणि पुढच्या हॉटेलनंही मला बोलवावं, असं वाटत होतं. बस, एवढंच.

पण मी सांगायला बसले ते हे नाही. हे त्यातलं लहान.

तळमजल्यावर सरोजाक्का राहतात. तेव्हा बहात्तरच्या होत्या. त्यांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांचं, मराठीत निम्मं कन्नड; 'बरोबर'लाही 'सरी' आणि 'बरं'लाही 'सरी'. फोटो बघून मला म्हणाल्या, "तू सरी म्हटलंस म्हणजे सरीच गं. गिरीशला सांगते, रविवारी ने मला." गिरीश त्यांचा मुलगा. मी काय म्हणाले असेन?

"जा की," म्हणाले.

ते गेले. गिरीश चिकन खाणारा, तिसऱ्या एकट्या अक्कांनी खाल्ल्या. सोमवारी पहाटे त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. पाच दिवस सलाईन. परत आल्या त्या काठी टेकत, आणि ती काठी आजही सुटलेली नाही.

आता मंजुळा. आमच्या इमारतीत ती चार घरी स्वयंपाक करायची, अक्कांकडे आणि माझ्याकडेही. रविवारी सकाळी तिनं अक्कांकडे इडलीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी केली होती. उरलेली अक्कांनी रात्री खाल्ली होती. सोमवारी गिरीशनं मला जिन्यात गाठलं. शेजारचे दोघेतिघे उभे होते. मंजुळाही होती, हातात पिशवी घेऊन.

"काकू, तुम्हीच सांगा. हॉटेलचं असेल की चटणीचं?"

"मी स्वतः तिथे जेवून आले," मी म्हटलं. "मला तर काही झालं नाही."

शब्द न् शब्द खरा होता.

मंजुळा म्हणाली, "ती चटणी मीपण खाल्ली, अण्णा. माझ्या लेकीनंपण खाल्ली. आम्हाला काही नाही झालं."

तेच वाक्य. माझं सगळ्यांनी ऐकून घेतलं. तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं, "ह्यांची पोटं वेगळी असतात." आणि मी — मी मान डोलावली. कुणी विचारलं नव्हतं, तरी डोलावली.

आठवड्याभरात तिची तीन घरं गेली. चौथं माझं. ते तरी राहिलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? तिला ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला भीती नाही वाटत? भीती नव्हतीच मला. का नव्हती, हे मी एकटीच जाणत होते. म्हणून मी तिला म्हटलं, आता मीच करेन घरी. "सरी, अक्का," म्हणाली. खिळ्यावरचा आपला नॅपकिन काढून घेतला. जाताना दारातून परत आली आणि म्हणाली, जिरं संपत आलंय.

ती पोस्ट मी काढली नाही. काढली असती तर कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. फोटो अजून तिथेच आहे, खाली अक्कांनी टाकलेला हात जोडल्याचा इमोजी. नीट बघितलं तर केळीच्या पानाची एक कड थोडी वर उचललेली दिसते.

गेल्या महिन्यात मंजुळा मला बसस्टॉपवर भेटली. आता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आहे, दोन बस बदलून जाते. वाळली आहे. मला बघून हसली. "ऊट आयता, अक्का?" इथे सगळेच विचारतात तसं — जेवण झालं का? मीही म्हटलं, आयतु, झालं.

तिची बस यायला दहा-बारा मिनिटं लागली. स्टॉपवर आम्ही दोघीच होतो. आम्ही तिच्या लेकीच्या शाळेबद्दल बोललो.