काचेआडचं ऊन

आमच्या घरात दोघी बहिणींना ऊन सारखं वाटलेलं नव्हतं. सगळं ऊन माझ्या वाट्याला आलं आणि सगळी सावली ताईच्या. ही वाटणी आईने केली, आणि ती प्रेमाने केली. म्हणून तर माझा राग अजून जात नाही. कोणी वाईट माणसाने केली असती तर दोन शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबिरीचे वाफे. नव्वद सालच्या आसपास ताई दहावीला गेली आणि आईने तिचं मळ्यात येणं बंद केलं. ताई गोरी होती, आमच्या सगळ्या भावकीत उठून दिसेल एवढी. आई म्हणायची, "हिला उन्हात नाय घालायची. लय चांगला रंग दिलाय देवानं." मी आईच्या वळणावर गेलेली, सावळी. मला म्हणायची, "तुझं काय, तू चल." मग मी टोपली घेऊन तिच्यामागे.

आईचा स्वतःचा जन्म उन्हात गेला. साडीवर वडिलांचा जुना शर्ट चढवायची, पण तो गुलाबाच्या काट्यांसाठी. तोंड झाकायचं तिच्या कधी मनातही आलं नाही. दोन्ही गालांवर वांग पसरले होते आणि कानशिलापाशी एक खरखरीत चट्टा होता, नखाने काढला तरी पुन्हा धरणारा. सासरी पाऊल टाकल्यापासून सगळ्यांनी तिला 'काळी' म्हणूनच हाक मारली. तिने काय सोसलं असेल ते मला कळतं. आपल्याला जे भोगावं लागलं ते लेकीला नको, एवढंच तिला कळत होतं. पण दुसऱ्या लेकीचं काय, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मग ताईला बघायला लोक यायला लागले. एका बाईने तर चहा घेता घेता ताईचा हात धरला, बांगड्या वर सरकवल्या आणि खालचा रंग बघितला. भाजी घेताना देठ मोडून बघतात ना, तसं. मी दारात उभी होते. मला त्या बाईला हात धरून बाहेर काढावंसं वाटलं, पण आई कौतुकाने हसत होती. लेक परीक्षेत पास झाली होती.

ताईचं लग्न झालं ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या मुलाशी. नाशिक रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीला सरकत्या काचा. तिच्या सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "सून आणावी तर अशी, दुधात धुतलेली." आणि तो रंग राखायचं काम आईकडून त्यांनी आपल्याकडे घेतलं. ताई बाहेर निघाली की तोंडाला क्रीम, डोळ्यांखाली घट्ट बांधलेला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे. तेव्हा कॉलेज रोडवरच्या सगळ्याच मुली चंबळच्या डाकूसारख्या दिसायच्या म्हणा, पण त्या निदान घरी गेल्यावर तरी सोडायच्या. धुणं, फुलझाडं, सगळं काचेच्या आत. गच्चीवर जायचं कारणच नव्हतं.

ताईला मुलगी झाली आणि मग दुखणं सुरू झालं. आधी कंबर, मग मांड्या. जिना चढताना कठडा धरून थांबायची. पुढे पुढे जमिनीवरून उठताच येईना. एकदा मी गेले तेव्हा मुलगी सतरंजीवर रडत होती आणि ताई तिला घेऊन उठायला बघत होती. एका हातात मूल, दुसऱ्या हाताने सोफ्याचा पाय धरलेला. अर्ध्यावर आली आणि पुन्हा बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही बाळंतपणानंतर हंडे वाहिले गं. हल्लीच्या मुलींची नाटकं फार."

नाटकं! असली नाटकं करायला तिला कुठे येत होतं? आयुष्यात तिने एकच केलं, सांगतील तिथे बसली.

हाडांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. हाडं मऊ पडली होती. त्यांनी औषध दिलं आणि रोज ऊन घ्यायला सांगितलं. औषध चालू होतं तोवर जरा बरं वाटलं. ते संपलं आणि महिन्या-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. फोनवर विचारलं की ताई म्हणायची, "घेते गं ऊन, रोज घेते."

एक दिवस सकाळी मी न सांगता गेले. ताई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. काचा बंद. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावरून पदर, तोंडाला क्रीम थापलेलं. ऊन अंगावर पडलं होतं हे खरं, पण छत्री धरून आंघोळ करावी तसा तो प्रकार.

"काकू, हे काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"का? ऊन येतंय की आत. काचा उघडल्या तर धूळ येते. आणि गेलेला रंग परत येतो का?"

"आणि गेलेले पाय येतात का?"

त्या तोंडावर पदर धरून आत गेल्या. ताईने माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस. मला आणखीनच चीड आली.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मीच ताईला घेऊन गेले. आईही मळ्यातून आली. काचेचं सांगितल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, काचेतून ऊब येते. उन्हातलं जे हाडांना लागतं ते काच बाहेरच ठेवते. गच्चीवर जा, दहाच्या सुमाराला. हातपाय उघडे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही."

मग त्यांचं लक्ष आईच्या कानशिलाकडे गेलं. "मावशी, हा चट्टा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर. आणि भर दुपारी शेतात तोंड झाकत जा."

आई चिडली. "तिला म्हणता उन्हात जा, मला म्हणता नको जाऊ. एकदा काय ते ठरवा की डॉक्टर."

"जेवणात मीठ लागतंच ना मावशी? पण म्हणून मूठभर खाल तर?"

आईने ताईकडे बघितलं. मग हळू विचारलं, "हिला किती लागलं असतं? लहानपणापासनं?"

"फार नाही हो. बाई रोज दोरीवर घरचं धुणं वाळत घालते ना, तेवढं."

मळ्यातल्या घरी धुणं मी वाळत घालायचे. ताई आत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करायची.

रिक्षात आई मधोमध बसली होती. द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "एवढंच व्हय?"

मी उत्तर दिलं असतं तर सगळ्या चौकाला ऐकू गेलं असतं. ताई म्हणाली, "असू दे गं आई." तिने असू दे म्हणू नये, एकदा तरी आमच्यावर ओरडावं, असं मला फार वाटत होतं.

पुढे गच्चीवरच्या उन्हाने आणि औषधाने ती हळूहळू सावरली. त्या दिवशी मात्र घरापाशी रिक्षा थांबली, तिने एक हात आईच्या खांद्यावर टाकला, एक माझ्या, आणि तिशीतली ती गोरीपान बाई आम्ही दोघींनी उचलून खाली उतरवली.