नारळ आणि कंट्रोल पॅनल

हेर क्राउस कंट्रोल पॅनलसमोर दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांच्यासमोर फोरमन हरीदादा, हातात नारळ. मध्ये मी. कडक इस्त्रीची साडी आणि चेहरा असा, की जणू विद्यापीठ माझ्याच जिवावर चाललंय.

साठच्या दशकातली गोष्ट. आताची नवी मुंबई तेव्हा नव्हती. खाडी, मिठागरं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याकडेने उगवणारे कारखाने. आमच्या कारखान्यात जर्मनीहून कॉम्प्रेसर आला होता. त्या दिवशी त्याचं कमिशनिंग, म्हणजे बसवलेलं यंत्र पहिल्यांदा चालू करणं. त्यासाठी आलेले इंजिनिअर म्हणजे हेर क्राउस (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, गुप्तहेर नव्हे). त्यांची मी दुभाषी. नेमणूक ते असेपर्यंतच. काम नीट पार पडलं तर ऑफिसात कायम करू, असं मॅनेजर दातेसाहेब म्हणाले होते.

मला ते हवंच होतं. लहानशा कॉलेजात जर्मन घेऊन बी.ए. केलं तेव्हा आत्या म्हणाली होती, “शिवण शिकली असतीस तर निदान ब्लाउज तरी झाले असते.” वर्गात आम्ही तिघी. शिकलो कविता. चंद्र, विरह सगळं जर्मनमध्ये येत होतं, नट-बोल्ट येत नव्हते. गॅस्केटला, म्हणजे पाइपांच्या सांध्यात बसवतात त्या चकतीला, मी पहिल्या दिवशी ‘गळती अडवणारी गोल वस्तू’ म्हटलं. हेर क्राउस खोकल्याचं निमित्त करून हसले.

आता मात्र ते हसत नव्हते.

“काय बोलतो गो तो?” हरीदादांनी विचारलं.

ते म्हणत होते, ही अडाणी अंधश्रद्धा आहे, पाणी पॅनलमध्ये गेलं तर शॉर्ट सर्किट होईल, गॅरंटी रद्द आणि ते स्वतः उद्याच जर्मनीला परत.

“पाण्याची काळजी वाटते म्हणतात.” बाकीचं मी गिळलं.

“त्याला सांग, नारल फोडल्याबिगर माजा एक पन मानूस बटनाला हात लावनार नाय. उद्या कोनाचा हात सापडला तर त्याच्या बायकोला तोंड मी दाखवायचंय.”

दातेसाहेब माझ्या कानाशी लागले. “काहीही सांगा, पण मिटवा.”

मग मी विद्वत्ता बाहेर काढली. संस्कृती, मांगल्य, पंचमहाभूतं, सगळं एकाच वाक्यात. जर्मनमध्ये अशा वाक्यांचं क्रियापद शेवटी येतं. मी तिथवर पोचलेच नाही. हेर क्राउसनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा एक धडा आठवला. परीक्षेला येणार नाही म्हणून सरांनी घाईत उरकलेला. मी साधंच विचारलं, “तुमच्याकडे घराच्या छपराचा सांगाडा उभा राहिला की सुतार वर चढून ग्लास का फोडतो?”

“शुभ असतं म्हणून,” ते बोलून गेले. मग लाल झाले. “पण आम्ही तो कोणाच्या पॅनलवर फोडत नाही!”

हे मात्र मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

“मग मी तरी कुटं बोललो पॅनलवर फोडतो?” हरीदादा चिडले. “दारात फोडायचाय. त्यानं इचारलंच नाय. आनि तू पन नाय इचारलंस, शानी!”

खरंच की. पंचमहाभूतं काढली, पण नारळ कुठे फोडणार हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

नारळ दारात फुटला. कॉम्प्रेसर मात्र पहिल्या झटक्यात बंद पडला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्यांदा चालला तो चाललाच. हेर क्राउसनी खोबरं मागून घेतलं.

मला कायम केलं, ते टायपिस्ट म्हणून. जर्मन पत्रं क्वचितच यायची. पुढे पर्चेसमध्ये गेले आणि तिथूनच रिटायर झाले.

हल्ली करंजाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या मुली विचारतात, “आजी, फॉरेन लँग्वेजला स्कोप आहे का?” मी सांगते, खुशाल घ्या, पण टायपिंगही शिकून ठेवा. मला पगार आयुष्यभर टायपिंगचाच मिळाला. भाषेमुळे इतकंच झालं, की भांडण लागलं की साहेब मला आत बोलवायचे.