आसवाइतकं खारट

तांब्यात मीठ-साखर ढवळून झाली की बाई त्यातले चार थेंब तळहातावर ओतायच्या, जिभेला लावायच्या आणि डोळे मिटून चव पारखायच्या. हलवाई पाकाची तार बघतो ना, तशा. मग म्हणायच्या, "आसवाइतकंच खारट पाहिजे. त्याच्यावर गेलं तर सांडा आन् पुन्हा करा."

त्या वर्षी तांब्याभर पाणी सांडा म्हणायलाही छाती लागायची. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. जळकोटजवळच्या आमच्या गावात टँकर तीन दिवसांआड यायचा आणि मधल्या दिवसांत बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा आणि शाळेचा शिक्का जुना, अशी गंमत चालली होती. मी उमरीकडचा, शाळेवर गुरुजी म्हणून ह्या गावात येऊन वर्षच झालं होतं.

बाई म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. नांदेडच्या, बौद्ध घरातल्या, वय पस्तिशीच्या आसपास. एका खोलीचं उपकेंद्र, मागं त्यांचं राहणं. पायांत रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. चालणं असं, की सोबत निघालेला माणूस चार घरांतच मागं पडायचा. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. तिचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'बाई' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला गावात हगवण-वांतीची साथ आली. म्हातारी माणसं मरीआईचा फेरा म्हणू लागली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर मोटारसायकलवरून येऊन गेले. ही पटकी देशोदेशी फिरून राहिली आहे, आपल्याच गावावर कोप झालाय असं समजू नका, असं त्यांनी सांगितलं. सलाईनच्या सहा बाटल्या दिल्या, जपून वापरा म्हणाले आणि पुढच्या गावाला गेले.

त्याच दुपारी बाई शाळेत आल्या. "गुरुजी, शाळेची किल्ली द्या. माणसं झोपवायला जागा न्हाई."

"वर विचारावं लागेल," मी म्हणालो.

"विचारा की. तवर किल्ली माझ्यापाशी राहू द्या."

संध्याकाळपर्यंत पोरांच्या बसायच्या पट्ट्यांवर अकरा माणसं आडवी झाली होती. बाईंनी मलाही कामाला लावलं. माझ्या हाताला घड्याळ होतं, म्हणून दर पाच मिनिटांनी मी घंटेवर एक टोल द्यायचा आणि टोल पडला की प्रत्येक नातेवाइकानं आपल्या माणसाला चमचाभर पाणी पाजायचं. "वाटीनं न्हाई, चमच्यानं. वकलं तर जरा थांबा, पुन्हा पाजा." माझी घंटा इतकं मन लावून मुलांनी कधी ऐकली नव्हती.

पण लोकांचा त्या पाण्यावर विश्वास बसेना. मीठ-साखर तर घरात होती. जे घरात आहे ते औषध कसं असेल? औषध म्हणजे बाटली. तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यात ती लावून मिळायची. पैसा लागायचा, म्हणूनच ती खरी वाटायची. गावातल्या सुतारानं बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि बापाला बैलगाडीत घालून तिकडं निघाला. म्हातारा वाटेतच गेला. आता बाटलीच लागणार म्हणून वाटेत त्याला कुणी घोटभर पाणीही पाजलं नव्हतं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या फडकी उकळत होत्या. "पाजत पाजत नेलं असतं तर पोचले असते," एवढंच म्हणाल्या. सुतारासमोर मात्र हे वाक्य त्यांनी कधी काढलं नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या घरी जाऊन त्यांनी त्याच्या बायकोला पाणी करायला शिकवलं, आणि तो ओट्यावर बसून होता तिथं जाऊन त्यालाही एक पेला दिला.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील बायकोसह आईला घेऊन आले. म्हातारीचे डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. "बाई, आईला बाटली लावा," पाटील म्हणाले. सहापैकी एकच उरली होती आणि ती बाईंनी नुकतीच एका मजुराच्या बायकोला लावली होती.

"ती काढा. हिला लावा."

"ती बेशुद्ध हाय, पाटील. तिला गिळता येत न्हाई. तुमच्या आईला येतंय."

"पैशाची फिकीर करू नका. काय लागंल ते देतो."

"पैशानं बाटली पैदा व्हणार हाय का इथं? पाणी पाजू, उठतेत त्या."

पाटलांचा चेहरा लाल झाला. मी टोल द्यायचा विसरलो. तेवढ्यात म्हातारी पुटपुटली, "हिच्या हातचं मी पिणार न्हाई." आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई दोन पावलं मागं सरल्या. मला वाटलं, आता निघून जातात. त्या कपाटाकडं गेल्या, उकळून ठेवलेली सलाईनची रिकामी काचेची बाटली काढली आणि पाटलांच्या बायकोच्या हातात दिली. "ताई, घरचं पाणी उकळून गार करा. साखर तुमची, मीठ तुमचं, हात तुमचा. ह्या बाटलीत भरून आणा. मी लांबून सांगते."

ताईंनी तसंच केलं. आधी तळहातावर थेंब घेऊन चाखलं, बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली. मग त्या बाटलीतून चमचा चमचा पाणी म्हातारीच्या पोटात जाऊ लागलं. म्हातारीला सुनेचा हात मिळाला, पाटलांना बाटली मिळाली.

नंतर मी बाईंना विचारलं, "राग नाही आला?"

"आला की. पण राग उद्या बी करता येतो, गुरुजी. तिचं पाणी आज जाऊन राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील शाळेच्या पायरीवर येऊन मोठ्यानं सांगू लागले, "आईला लघवी झाली." मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसं. बाई हसल्या. "अंगात पाणी ठरलं. मंग जितलो आपण," म्हणाल्या. मजुराची बायकोही त्याच दिवशी उठून बसली आणि तिनं भाकरी मागितली.

त्यानंतर दुसऱ्या वस्तीतूनही माणसं आली. जी शाळेत आली ती सगळी आपल्या पायांनी घरी गेली. म्हातारी घरी निघाली तेव्हा बाईंशी एक शब्द बोलली नाही. बाईंनीही वाट बघितली नाही. पाटलांनी मात्र खिशात हात घालून विचारलं, "खर्च किती झाला?"

"साखर तुमच्याच घरची व्हती. द्यायचंच आसंल तर विहिरीत पावडर टाकू द्या."

वास येतो म्हणून पाटलांनी पाण्यातले जंतू मारायची ती पावडर महिनाभर अडवून धरली होती. त्या दुपारी ते स्वतः विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि बाईंनी पावडर कालवून टाकली. ताईंचं तर वेगळंच झालं. त्या घरोघर जाऊन पाणी करायला शिकवू लागल्या, आणि कुणाचं बिघडलं तर बाईंपेक्षा जास्त रागवायच्या.

वर्षभरात बाईंची बदली शिरूर अनंतपाळकडं झाली. मीही पुढं उमरीला आलो. पुन्हा भेट झाली नाही. त्या आता कुठं असतील, ठाऊक नाही.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी निम्मं गाव एसटीपाशी जमलं होतं. मजुराच्या बायकोनं भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या, सुतार त्यांची ट्रंक टपावर चढवत होता. मी निरोपाचे दोन शब्द मनाशी जुळवून खिडकीपाशी गेलो. बाई आपल्या जागेवर बसून काचेला डोकं टेकवून गाढ झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, एक चप्पल पायातून सुटलेली. कंडक्टरनं विचारलं, "उठवू का?"

"नगं," ताई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून हात घालून शेंगांची पुरचुंडी अलगद बाईंच्या मांडीवर ठेवली. "झोपू द्या."