वाढलेल्या बांगड्या

बांगडी फुटली असे आमच्या घरात कुणी म्हणत नाही. सवाष्णीच्या हातातली काच फुटत नसते, ती 'वाढते'. कवितेच्या नादी लागलेल्या मला या शब्दाचे फार अप्रूप होते. भंगण्यालाही भरभराट म्हणणारी भाषा किती मायाळू, असे मी एकदा वहीत लिहूनही ठेवले होते. पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला की ती सांगायची, "ताई, परत वाढल्या गं बांगड्या." मी हसायची. "धांदरट कुठली!"

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालायचे म्हणून आईने दोघांना शनिवार-रविवारसाठी जालन्याला बोलावले. लग्नाला तीन वर्षे झाली तरी जावयाने स्टेशन आणि आमचे घर यांपलीकडे शहर पाहिले नव्हते. ते दाखवायचे काम माझ्याकडे आले.

शनिवारी आम्ही पुष्कळ हिंडलो. मोसंबीचा रस प्यायलो, कापडबाजारात शिरलो. औद्योगिक वसाहतीवरून येणारा वारा तापल्या लोखंडाचा वास आणीत होता. जिभेवर तो रक्तासारखा लागे.

"ताई, जालना सोने का पालना म्हणता ना तुम्ही? मला तर नुसतं लोखंड दिसतंय!" जावई म्हणाला. आम्ही तिघेही हसलो. तो बोलका होता, हौशी होता. पिशव्या त्याने कुणाला उचलू दिल्या नाहीत.

संध्याकाळी मोती तलावाच्या काठी भाजलेली कणसे घेतली. मी दोघांचा फोटो काढताना बहीण सहज बोलून गेली, "ह्यांना पाण्याची लई भीती बरं का, ताई." तो हसतच राहिला. फक्त तिच्या मनगटावरची त्याची बोटे आवळली गेली. पांढरी होईपर्यंत. तड्, असा बारीक आवाज झाला, आणि अर्धी हिरवी बांगडी मातीत पडली.

"वाढली," बहीण घाईने म्हणाली.

फोटोत दोघेही हसताहेत. जावयाला बोलायचे नसते, आणि या महिन्यात तर मुळीच नाही.

रविवारी सकाळी मी तिला बांगड्या भरायला नेले. तो दुकानाबाहेर, या वेळी पुण्याहून आणलेल्या गाडीत बसून राहिला. कासारीणबाई म्हातारी होती, तिची बोटे लोण्यासारखी मऊ. बहिणीचा पंजा चेपता चेपता ती एकाएकी थांबली. मनगटाच्या आत, कातडीखाली, तिला काहीतरी टोचले होते.

"काच हाय ही, माय. जुनी. वरून कातडं आलंय." तिने हात उजेडाकडे वळवला. बारीक पांढरे वण होते, एकावर एक, पेरल्यासारखे. "बांगड्या वाढवताना दगडावर हात आपटती का गं?"

बहिणीने मनगट उलटे फिरवले. तो प्रश्न माझ्या कानात ओतला गेला, वितळलेल्या लोखंडासारखा. तीन वर्षांचे सगळे फोन मला एकदम ऐकू आले. प्रत्येक फोनला मी हसले होते.

डझनभर बांगड्या भरून झाल्या तेवढ्यात तो आत आला. "किती वेळ? जेवून निघायचंय ना?"

"अजून एक हात राह्यलाय," ती म्हणाली.

"एक पुरे." त्याने भरलेला हात धरला आणि मूठ आवळली. सगळी काच एकदम गेली. कोवळे हाड मोडावे तसा आवाज झाला. रक्त आधी आले नाही. मग आले ते थेट गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात आपटले. तो मागच्या फळीवर आदळला, बांगड्यांचे तोडे खळाखळा खाली कोसळले. त्याने माझ्यावर हात उगारला. कासारीण आडवी आली. "खबरदार! माझ्या दुकानात न्हाई."

रिक्षाने आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. निरोप मिळताच वाढलेले ताट तसेच टाकून आई धावत आली. डॉक्टरीण परप्रांतातली, मराठी नुकतीच शिकत असलेली.

"कशाने लागला?"

"बांगड्या वाढल्या हो," आईने बहिणीच्या आधीच सांगून टाकले.

"वाढल्या? मतलब, जादा झाल्या?"

आईने माझ्याकडे पाहिले. घरात भाषेची जाणकार मी. आता कागदावर जे लिहिले जाईल, त्यावर आजची तिची परतीची वाट ठरणार होती, हे आम्हा तिघींनाही कळत होते.

"फोडल्या," बहीण म्हणाली. "नवऱ्यानं. हात दाबून."

"अगं!" आईचा हात स्वतःच्याच बांगड्यांवर गेला.

"पहिल्यांदा?"

"न्हाई."

"लिहू?"

"लिहा. आतली जुनी काच पण काढा."

दारात तो उभा होता, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. "झालं का? पाच-सहा तासांचा रस्ता आहे."

"तुम्ही निघा," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

आई उठली. क्षणभर मला वाटले, जावयाला थांबवायलाच निघाली. तिने त्याच्या तोंडावर दार लावून घेतले आणि दाराला आतून पाठ टेकवून उभी राहिली.

डॉक्टरणीने सुई टोचली तशी बहीण ओरडली. मोकळ्या गळ्याने, अख्खा दवाखाना ऐकेल इतक्या मोठ्याने.