मंगळावरचे अण्णा

आमच्या शेजारचा विठोजी १९६४ साली कानडी मुलखातल्या येलहंक्यात इलेक्ट्रिक गिटारवर रॉक वाजवायचा आणि मी मधली भिंत बडवायचो. "अण्णा, स्वल्प सोसा!" तो पलीकडून ओरडायचा.

पुढे त्याचा बँड मोडला, तर पठ्ठ्याने विज्ञान कादंबरी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकांनी कळवलं, "छापतो, पण मंगळावरच्या माणसाला 'अण्णा' कोण म्हणतं? तेवढं काढा."

त्याची आई मालनबाई म्हणाली, "काढ की रे, पहिलंच पुस्तक!"

विठोजीने उत्तर धाडलं, "आमच्याकडे अनोळखी वडीलधाऱ्यालाही अण्णाच म्हणतात. मंगळावरच्याने काय घोडं मारलंय?"

महिनाभर काही कळेना. मग अण्णांसकट छापलेलं पुस्तकच आलं!

त्यात गिटार ऐकून यानाची भिंत बडवणारा चिडका मंगळवासी आहे ना, तो मीच. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय.