विहिरीचं नाक

सेलूजवळच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं. भूत, करणी, बाहेरचं असला विषय वर्गात निघाला की मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. एक 'पाहिलं', दुसरा 'ऐकलं'. मुलांना म्हणायचे, लिहा आता. 'ऐकलं' दोन मिनिटांत भरून जायचं आणि 'पाहिलं' शेवटपर्यंत कोरं राहायचं. बस्स, माझा तास संपला. त्यामुळे आज मी हे लिहितेय याची सगळ्यात जास्त लाज मलाच वाटतेय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी भिंगरीबद्दल सांगते. ती जॅक रसेल टेरिअर. सहा किलो वजन आणि अंगात बैलजोडीचा जोर. माझ्या मुलीनं, मृणालनं, पुण्यात हौसेनं घेतली आणि मग बंगळुरूला नोकरी लागल्यावर "आई, फक्त दोन महिने सांभाळ" म्हणून इथे आणून टाकली. त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षं होतील. पहिल्याच आठवड्यात तिनं सोफ्याचा कोपरा, यांची एक चप्पल (एकच... जोडीतली दुसरी तशीच ठेवली) आणि कूलरची नळी खाल्ली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ही जात बिळातले उंदीर काढायला पाळायची. हिला दमवा, नाहीतर ही घर खाईल."

मग पिपरी मेघेतल्या आमच्या लेआउटला, म्हणजे वसाहतीला, पहाटे पाचला चार फेऱ्या आणि संध्याकाळी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये तासभर बॉल फेकणं हा माझा नेम झाला. निवृत्तीनंतर आराम करू म्हटलं होतं, तर हात खांद्यातून निखळायची वेळ आली. आजूबाजूच्या पोरांच्या चेंडूंत मिसळू नयेत म्हणून भिंगरीच्या प्रत्येक बॉलवर मी काळ्या मार्करनं 'भि' लिहून ठेवायचे. हे मार्करचं लक्षात ठेवा.

या प्लॉटच्या मधोमध जमिनीतून दोन फूट वर आलेला एक सिमेंटचा पाइप होता. तोंड तांब्या जाईल एवढं. लेआउट पडण्याआधी ही सगळी शांताबाईंची शेती. उरलेल्या तुकड्यात त्या अजून भाजी काढतात आणि सकाळी दारावर वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन येतात. आम्ही राहायला आलो तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं, "इथं आमची इहीर होती, मॅडम. माह्या सासऱ्यानं बुजवली. हा पाइप तिले श्वास घ्याले ठेवला हाय. याले हात लावू नोका."

आपल्याकडे विहीर बुजवताना असा पाइप सोडतात, हे मलाही माहीत होतं. मी मोठ्यांना म्हणतात तसं "हो हो" म्हटलं आणि सांबाराची जुडी घेतली.

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी खेळता खेळता भिंगरीनं बॉल नेऊन थेट त्या पाइपात टाकला आणि कान टवकारून बसली. मी मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहिलं. हातभर खाली घट्ट, कोरडी माती दिसत होती. बॉल नव्हता. काठी घालून पाहिली, ती मातीला ठक्कन लागली. बाजूला पडला असेल म्हणून सगळा प्लॉट धुंडाळला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बॉल आमच्या मागच्या पायरीवर होता. 'भि' लिहिलेला... ओलाचिंब. हातात घेतला तर माठातल्या पाण्यासारखा गार. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

मी हे यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "नळाखाली गेला असन. तू काऊन एवढा विचार करून राह्यली?" बरोबर होतं त्यांचं. मीही हेच म्हटलं असतं.

पण त्यानंतर भिंगरी संध्याकाळी बॉल मागेना. दमलेली असायची. ज्या कुत्रीला दमवायला मी दोन वर्षं झिजले, ती पाय पसरून झोपायची आणि तिचे पंजे ओले असायचे. मागचं जाळीचं दार नाकानं उघडून ती दुपारी पसार होते, हे माझ्या लक्षात आलं. उन्हात मरेल या काळजीनं मी एक दिवस बाराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले.

ती प्लॉटमध्ये होती. तिनं बॉल पाइपात टाकला. मग तीन पावलं मागे सरकली, पुढचे पाय वाकवले, ढुंगण वर... माझ्यासमोर करते अगदी तशी. नजर पाइपाच्या तोंडावर. आणि एकदम पूर्वेकडे सुसाट पळाली. बॉल तिच्या पुढे उसळत चालला होता.

कुणी फेकला ते मला दिसलं नाही. प्लॉटमध्ये कुणी नव्हतंच. तिनं तो उचलला, परत आणला, परत पाइपात टाकला. असं चार वेळा. शेवटी मी दार जोरात आपटलं तेव्हा ती आली, शेपटी हलवत, आणि पाइपाकडे वळून वळून बघत.

मी घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी करून टाकायचं असतं. आमच्या कंपाउंडचं प्लास्टर चालू होतं. मिस्त्रीला म्हटलं, "दादा, दोन घमेली सिमेंटचा माल त्या पाइपात टाका. कुत्री तोंड घालते." शांताबाई भाचीच्या लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या, अडवणारं कुणी नव्हतं. त्यानं विटांचे तुकडे आणि माल भरला, थापीनं तोंड गुळगुळीत केलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी भिंगरी उठली नाही.

ती श्वास ओढत होती. नुसता ओढत होती... बरगड्या आत जायच्या आणि हवा कुठे पोचतच नसल्यासारखी ती पुन्हा ओढायची. हिरड्या निळसर झालेल्या. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, फुप्फुसं स्वच्छ. घशात काही अडकलेलं नाही, हृदय ठीक. ऑक्सिजन लावला तरी फरक पडेना. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मला कारण सापडत नाहीये." तीन दिवस मी घड्याळ घेऊन तिचे श्वास मोजत बसले. बारा वाजले की आकडा वाढायचा आणि तिचं डोकं त्या प्लॉटच्या भिंतीकडे वळायचं. मृणालला फोनवर काय सांगावं ते सुचेना. मी ढसाढसा रडले, खरं सांगते. जिला रोज 'अवदसा' म्हणायचे, तिच्यासाठी.

चौथ्या दिवशी शांताबाई टोपली घेऊन आल्या. मांडीवरच्या भिंगरीकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग कंपाउंडवरून प्लॉटकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"पाइप कोणं बुजवला?"

"मी," म्हटलं.

"मी सांगतलं होतं तुमाले." त्या रागावल्या नव्हत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. "पाणी जितं राह्यते, मॅडम. झाकलं तरी जितं राह्यते. तुमी इहिरीचं नाक दाबलं, ते हिचा श्वास घेऊन राह्यली. चला, उठा."

मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन आला. मी भिंगरीला पोटाशी धरून उभी होते, बरोबर भर दुपारी. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा आवाज झाला. स्फोट वगैरे नाही... खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन श्वास घेतं, तसा. लांब. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी शांताबाईंचा पदर खांद्यावरून घसरून त्या तोंडाकडे ओढला गेला. मिस्त्री हातोडी टाकून रस्त्यावर गेला. आणि माझ्या हातांत भिंगरीची छाती फुगली, पूर्ण फुगली. दहा मिनिटांत ती पाणी प्यायली. संध्याकाळी तिनं माझी ओढणी फाडली.

योगायोग? असेल. सिमेंटच्या धुळीची ॲलर्जी? डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. मी स्वतः आणखी सहा कारणं शोधली आणि एकही टिकलं नाही.

जूनमध्ये प्लॉट विकला गेला. नवे मालक भले गृहस्थ. पण पाइपाच्या जागी त्यांना पार्किंग हवं होतं, वर फरशी. मी तडक गेले आणि म्हटलं, बुजवलेल्या विहिरीत गॅस साठतो, व्हेंट बंद केला तर फरशी उखडेल, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी विज्ञानाच्या नावानं न तपासलेली गोष्ट ठोकून दिली. त्यांना लगेच पटली. त्यांनी जुन्या पाइपाला पीव्हीसीची नळी जोडून ती फरशीखालून भिंतीपर्यंत आणली, दहा फूट वर नेली आणि तोंडाला बारीक जाळी बसवली. मुंगी जाईल, बॉल जाणार नाही.

परवा दुपारी बाराला मागच्या पायरीवर हिरवा बॉल होता. जुना, 'भि' लिहिलेला. गार पाणी ठिबकत होतं.

भिंगरीनं तो उचलला नाही. तीन पावलं मागे सरून ती वाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी आधी तिचे श्वास मोजले. मग तो बॉल उचलला आणि प्लॉटच्या भिंतीपलीकडे फेकला. हा खेळ बंद पाडायची माझी आता हिंमत नाही.